एल्डन घरी यायला तयार नव्हता

मंगळवारी सकाळी आर्डिस ब्रेक्के माझ्या ऑफिसात आली, कोटही न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मार्नी, माझा नवरा घरी मरायला तयार नाही."

माझं ऑफिस म्हणजे काउंटी कोर्टाच्या तळघरातली एक खोली. भिंतीपलीकडे बॉयलर आहे, त्यामुळे हिवाळ्यात मी बाही दुमडून बसते आणि वरच्या मजल्यावरचे लोक स्वेटर घालून. मी बारा वर्षं सैन्यात ट्रक चालवले, त्यातली दोन कुवेतच्या वाळूत. आता माजी सैनिकांचे अर्ज भरून देते. लोक येतात ते पेन्शनसाठी, कानातल्या यंत्रासाठी, घराच्या कर्जासाठी. असली तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

"मरायला तयार नाही, की घरी तयार नाही?" मी विचारलं.

"मरायला तयार आहे. त्याला त्याची काही हरकत नाही. घरी यायला नाही म्हणतो."

एल्डन ब्रेक्केला मी सहा वर्षांची असल्यापासून ओळखत होते. तो दुधाचा टँकर चालवायचा. एक दिवसाआड पहाटे आमच्या गोठ्याशी यायचा, दूध मोजून घ्यायचा आणि माझ्या बापाला गावभरच्या बातम्या देऊन चीज कारखान्याकडे निघायचा. चाळीस वर्षांत त्याने एकदाच खाडा केला, तोही स्वतःच्या लग्नाच्या दिवशी. आणि त्या दिवशीही चर्चमध्ये जायच्या आधी निम्मी फेरी मारून आला होता, असं आर्डिस सांगते. आता तो अठ्ठ्याहत्तरचा होता. त्याच्या स्वादुपिंडात गाठ होती आणि दोन तासांवरच्या सैनिकी हॉस्पिटलात तो तीन आठवडे पडून होता. डॉक्टरांनी औषधोपचार थांबवले होते. आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं होतं. त्याला हॉस्पिस म्हणतात, आणि ती सेवा घरीही मिळते. नर्स घरी येते, औषधं घरी येतात, पलंगसुद्धा येतो.

"मग अडलंय कुठे?"

"त्याला कुणीतरी सांगितलंय की हॉस्पिटलात मेलं तर सरकार पुरण्याचा खर्च देतं. घरी मेलं तर काही नाही. म्हणून तो म्हणतो, मी इथून हलणार नाही." आर्डिसने हातमोजे काढून टेबलावर आपटले. "हजार डॉलरच्या आसपास आहे म्हणे. मार्नी, मी रोज चार तास गाडी चालवते. पेट्रोलमध्येच हजार जातील. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, मग येऊ नकोस!"

"आणि तू काय म्हणालीस?"

"जे म्हणाले ते तुझ्या ऑफिसात म्हणता येणार नाही."

नियम तिने सांगितला तसाच होता, बरीच वर्षं. सैनिकाला अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तर गोष्ट वेगळी. पण एल्डनने कधी कसलाच अर्ज केला नव्हता. मी दर वर्षी त्याच्या मागे लागायचे, निदान कानांसाठी तरी कर म्हणून, आणि तो म्हणायचा, "मी दोन वर्षं अलास्कात बटाटे सोलले. शत्रू म्हणून डास तेवढे भेटले. ज्यांना गोळ्या लागल्या त्यांना द्या." अशा माणसाच्या पुरण्याचं बिल सरकार उचलतं ते तो सरकारी खाटेवर वारला तरच. घरच्या खाटेवर वारला तर नाही.

पण मधे कायदा बदलला होता. मला अंधुक आठवत होतं. आर्डिसला कॉफी दिली आणि संगणकात शोधायला लागले. अर्ध्या तासाने सापडलं. सैनिकी हॉस्पिटलातून माणूस थेट घरी गेला, आणि घरी सरकारच्याच खर्चाने हॉस्पिस चालू राहिलं, तर तो हॉस्पिटलातच वारला असं धरायचं. सगळा खर्च तसाच मिळणार.

"छाप ते," आर्डिस म्हणाली. "दोन प्रती काढ. एक तो फाडेल."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. एल्डन खिडकीशी टेकून बसला होता. अंगातलं मांस सगळं गेलं होतं, पण आवाज टँकरवाल्याचा होता तस्साच.

"ती निळी गाडी बघ, मार्नी. दोन जागा खाल्ल्यात. काल एकाने तीन खाल्ल्या. या राज्यात गाडी लावता येणारा माणूस उरला नाही."

"दिवसभर हेच बघतोस?"

"दुसरं काय आहे बघायला? टीव्हीवर बायका केक करतात."

मी त्याला कायदा सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाही."

"काय नाही? मी वाचून आलेय."

"सदुसष्ट साली भरतीवाला सार्जंट म्हणाला होता, एल्डन, तुला हवाईला पाठवतो. त्यानेही वाचूनच सांगितलं होतं. मी उन्हाळी शर्ट घेऊन निघालो आणि अलास्कात उतरलो. मला कागद दाखव."

मी कागद दिला. त्याने आर्डिसच्या पर्समधून भिंग मागून घेतलं आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. आर्डिस माझ्याकडे बघून म्हणाली, "याचं आता जेवणापर्यंत चालणार," आणि कॉफी आणायला खाली गेली.

ती गेल्यावर एल्डनने भिंग बाजूला ठेवलं.

"तुला मर्लिन आठवतो?"

मर्लिन त्याचा मोठा भाऊ. नौदलात होता. बारा वर्षांपूर्वी वारला.

"तोही इथंच होता. याच मजल्यावर. मी म्हणालो, हे काय मरायचं ठिकाण आहे? डोलोरेसला म्हणालो, त्याला घरी नेऊ या. ती घाबरत होती. मीच गळ घातली. माझ्या गाडीत घालून मीच नेला. तिसऱ्या दिवशी तो गेला." तो खिडकीबाहेर बघत होता. "महिन्याने तिला पत्र आलं. हॉस्पिटलात वारले नाहीत, सबब काही मिळणार नाही. तिच्याकडे होतं काय? मर्लिनची होडी विकली तिने. त्या पैशांतून पुरण्याचं बिल भरलं. मला कळलं तेव्हा होडी गेलीही होती. मी पैसे द्यायला गेलो, तर तिने दारातूनच परत पाठवला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर ती मुलीकडे आयोवाला गेली. नाताळचं कार्डसुद्धा नाही. आणि तू मला सांगतेस, तीच चूक आर्डिसच्या बाबतीत कर."

मी त्याच्या हातातला कागद उलटला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "तेव्हा ही ओळ नव्हती, एल्डन. आता आहे. वाच."

त्याने वाचली. दोनदा वाचली. मग खालची बारीक अक्षरं वाचली आणि एकदम तरतरीत झाला.

"हे बघ! हे कायमचं नाही. पुढच्या सप्टेंबरअखेरपर्यंतच. पुढचं पुढे बघू म्हणतायत."

"आता ऑक्टोबर संपत आलाय. अकरा महिने आहेत."

"डॉक्टर म्हणतो नाताळही दिसणार नाही."

"मग बसतंय की."

"बसतंय," एल्डन समाधानाने म्हणाला. एखाद्या माणसाला आपण लवकर मरणार याचं इतकं बरं वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आर्डिस कॉफी घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "माझे बूट कुठे ठेवलेस?"

सुटका व्हायला पुढचा सोमवार उजाडला. सह्यांचे कागद वीतभर जाड होते. मी मुद्दाम गेले होते, पण मला काही करावं लागलं नाही. एल्डन स्ट्रेचरवर झोपून प्रत्येक पान डोळ्यांसमोर धरत होता. अँब्युलन्सचे दोघे दाराशी ताटकळत उभे होते. त्यातला एक दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचा.

"थांबा!" एल्डन ओरडला. "हे कुणी केलं?"

हॉस्पिसचा खर्च कोण देणार अशी ओळ होती. पुढे दोन चौकटी होत्या. एक सैनिकी खात्याची आणि एक म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याची. खूण विम्याच्या चौकटीत होती.

"मी केली," आर्डिस म्हणाली. "दहा वर्षं सगळीकडे तीच करतेय."

"बाई, या खुणेने मला बुडवलं असतंस!"

"मी तुला पन्नास वर्षांपूर्वीच बुडवायला हवं होतं."

एल्डनचं बरोबर होतं. विम्याच्या खर्चाने गेला असता तर कायद्याची ती ओळ त्याला लागूच झाली नसती. नवीन पान आलं. आर्डिसने खूण केली, एल्डनने ती भिंगातून बघितली, मी बघितली, आणि घड्याळवाल्या मुलालाही बघायला लावली. मग स्ट्रेचर हललं.

घरी पलंग बसवायचा प्रश्न आला. पुढच्या खोलीत आर्डिसचा जुना ऑर्गन होता, तो हलवायला चार माणसं लागली असती. झोपायच्या खोलीत खिडकी उत्तरेची, काळोखी. एल्डनने हुकूम सोडला की पलंग स्वयंपाकघरात टाका. जेवणाचं टेबल पडवीत गेलं आणि त्या जागी, मागच्या खिडकीसमोर, पलंग आला. तिथून आर्डिसची बाग दिसायची, कुंपण दिसायचं, आणि पलीकडे वेंडल श्मिटच्या गाई.

"वेंडल अजून वीज कुंपणात सोडत नाही," एल्डन पहिल्याच दिवशी म्हणाला. "एक दिवस सगळ्या तुझ्या कोबीत शिरतील."

"नोव्हेंबर आहे. कोबी नाही."

"मी सांगून ठेवतोय."

हॉस्पिसची नर्स ट्रूडी आठवड्यातून दोनदा यायची. ती मला म्हणाली, दोन आठवडे, फार तर तीन. मी माझ्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली आणि एल्डनच्या जुन्या सैनिकी कागदांची प्रत काढून फाइलीत लावली, म्हणजे वेळेवर धावपळ नको.

थँक्सगिव्हिंग आलं. एल्डनने टर्कीचा घासभर तुकडा खाल्ला आणि कोरडी झाली म्हणून नावं ठेवली. नाताळ आला. आर्डिसने लेफ्से लाटल्या, म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणि पलंगावरून एल्डन प्रत्येक पोळीला "जाड, जाड" म्हणत राहिला. तिने लाटणं त्याच्या हातात दिलं. त्याने पलंगाच्या जेवायच्या फळीवर दोन लाटल्या. कागदासारख्या! त्याला अलास्कात शिकवलं होतं म्हणे. पन्नास वर्षं हे त्याने बायकोपासून लपवून ठेवलं होतं.

"का रे?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर मलाच लाटाव्या लागल्या असत्या."

जानेवारीत ट्रूडी म्हणाली की गाठ आहे तशीच आहे, पण माणूस बसून आहे, याला काय म्हणावं तिला कळत नाही. हॉस्पिस चालू ठेवायचं तर दोन महिने सरले की डॉक्टरने पुन्हा तपासून लिहून द्यायचं असतं. डॉक्टर आला, तपासलं, लिहून दिलं. गाठ कुठे जाणार नव्हती. एल्डनलाही कुठे जायची घाई नव्हती. शुक्रवारी लोक तळलेल्या माशांची पाकिटं घेऊन त्याच्याकडे यायचे, पलंगाभोवती खुर्च्या ओढून पत्ते खेळायचे, आणि तो सगळ्यांना हरवायचा. मरणाऱ्या माणसाचे पत्ते कोण डोकावून बघणार? तो मात्र सगळ्यांचे बघायचा.

गावात थट्टा सुरू झाली. किराणा दुकानात मला कुणीतरी विचारायचं, "काय मार्नी, एल्डनची तारीख चुकणार की काय?" तारखेची गोष्ट त्याने स्वतःच सगळीकडे केली होती. पण एकटा असला की तो थट्टेने बोलायचा नाही. मी गेले की पहिला प्रश्न तोच. "सप्टेंबरअखेरला किती दिवस राहिले?" मी सांगायचे. तो मनात हिशेब करायचा. मार्चमध्ये एकदा म्हणाला, "जगायला लागलो तर पंचाईत होईल."

आर्डिस सिंकपाशी होती. तिने भांडं इतक्या जोराने ठेवलं की हँडल निघालं.

त्याच आठवड्यात तिने मला फोन केला. डोलोरेसचा नंबर तिच्याकडे नव्हता, मी मिळवून द्यावा असं म्हणाली. मर्लिनच्या जुन्या फाइलीत मुलीचं नाव होतं, त्यावरून मिळाला. "मी तिला बोलावणार आहे," आर्डिस म्हणाली. "आली तर आली. शिव्या द्यायला आली तरी चालेल. हा असा खिडकीशी बसून महिने मोजत राहिला तर मीच त्याच्या आधी जाईन."

डोलोरेस एप्रिलच्या मध्यात आली. मुलीने आयोवाहून गाडीने आणून सोडली आणि मुलगी स्वतः गावात फिरायला गेली. मी तिथेच होते. ट्रूडीच्या एका कागदावर माझी सही हवी होती म्हणून गेले होते, असं मी एल्डनला सांगितलं. खरं म्हणजे आर्डिसने बोलावलं होतं, मधे पडायला.

डोलोरेस चौऱ्याऐंशी वर्षांची, वाळकी, ताठ. हातात काठी. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि पलंगाकडे बघत म्हणाली, "तू तर मेलायस असं ऐकलं होतं."

"चाललंय प्रयत्न," एल्डन म्हणाला.

ती खुर्ची ओढून बसली. वेंडलची एक गाय हंबरली. मग एल्डनने भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. सगळं सांगितलं. मी गळ घातली, तुला नको होतं, मी गाडीत घातला, तीन दिवसांसाठी तुझे पैसे गेले, होडी गेली, मी तुझा गुन्हेगार आहे.

डोलोरेसने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग काठीचं टोक पलंगाच्या कडेवर आपटलं.

"बारा वर्षं हे धरून बसला होतास?"

"तू मला दारातून परत पाठवलंस."

"माझ्या नवऱ्याला पुरून जेमतेम दोन महिने झाले होते, आणि तू हातात नोटा घेऊन आलास! दुसरं काय करणार होते? आणि त्या होडीचं म्हणशील, तर ती गळायची. तीस वर्षं मी तिच्यातून डब्याने पाणी उपसलंय. जिने घेतली तिची मला अजून दया येते."

"नाताळचं कार्ड बंद केलंस."

"सगळ्यांचंच केलं. टपालाचं तिकीट केवढ्याला झालंय बघितलंस का?"

आर्डिस फिस्सकन हसली आणि तोंडावर टॉवेल धरला.

डोलोरेस मात्र हसली नाही. तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. "तीन दिवस म्हणतोस. पहिल्या दिवशी तो पडवीत उन्हात झोपला. कुत्रा त्याच्या पायावर. त्या कुत्र्याला हॉस्पिटलात येऊ देत नव्हते, तो महिनाभर नीट जेवला नव्हता. माणूस नव्हे, कुत्रा. दुसऱ्या दिवशी त्याने पीचचं आइसक्रीम मागितलं, अर्धी वाटी खाल्लं. आणि मला म्हणाला, डोलोरेस, तो हिरवा कोच मला कधीच आवडला नाही. छत्तीस वर्षांनी! मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, तू इतकी खूश होतीस." तिने काठीवरून अंगठा फिरवला. "तिसऱ्या दिवशी काही बोलला नाही. पण हात माझ्या हातात होता, आणि पलंग आमचा होता. एल्डन, मला कुणी म्हणालं असतं ना, ते तीन दिवस परत दे आणि पैसे घे, तर मी त्याला काठीने मारलं असतं. मी तुझी देणेकरी आहे, मूर्खा. तू नसतास तर मी घाबरून त्याला तिथंच ठेवला असता."

एल्डन भिंतीकडेच बघत होता. त्याचे खांदे हलत होते. आर्डिस पुढे झाली, पण डोलोरेसने तिला हाताने थांबवलं आणि स्वतःच त्याच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ.

मग ती म्हणाली, "या घरात पाहुण्याला कॉफी देतात की नाही?"

ती चार दिवस राहिली. जाताना एल्डनशी पत्त्यांत जिंकली. तो म्हणाला तिने बघितले, ती म्हणाली त्याने बघितले, आणि दोघंही खरं बोलत होती.

त्यानंतर त्याने मला तारीख विचारली नाही. मे गेला, जून गेला. मी सवयीने एकदा म्हणाले, "अजून नव्वद दिवस." तर म्हणाला, "कशाला?" त्याला खरोखरच क्षणभर लक्षात आलं नाही. बागेत वाटाणे आले होते आणि ते सोलायचं काम त्याच्याकडे होतं.

आता काळजी मला लागली. ऑगस्ट संपला. कायदा पुढे वाढवतील की नाही, काही कळत नव्हतं. मी आर्डिसला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, पैशांचं काय ते आधीच ठरवून ठेव, कदाचित मिळणार नाहीत. "डॉक्टर म्हणाला होता नाताळ दिसणार नाही," ती म्हणाली. "मार्नी, मी त्याच्याबरोबर टोमॅटो खाल्ले. या हंगामाचे."

सप्टेंबरात तो झपाट्याने उतरला. पत्ते हातात धरवेनात. खाणं जवळजवळ थांबलं. ट्रूडी रोज यायला लागली. चोवीस तारखेला सकाळी आर्डिसचा फोन आला. आवाज शांत होता. "गेला," ती म्हणाली. "ट्रूडी येऊन गेली. तू सावकाश ये."

चर्चमागच्या दफनभूमीत आम्ही त्याला ठेवला. दोन तरुण सैनिक आले, त्यांनी झेंड्याची घडी घालून आर्डिसच्या मांडीवर ठेवली. बिगूल वाजला. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि सात प्रकारचे केक होते. गावातली अर्धी माणसं मला येऊन कोपराने ढोसत म्हणाली, "बघ, म्हाताऱ्याने तारीख गाठलीच! सहा दिवस राखून!" मी मान डोलावली. त्यांना तेच आवडत होतं, आणि एल्डनलाही आवडलं असतं.

अर्ज मी भरला. मृत्यूचं ठिकाण, अशी ओळ असते. तिथं मी 'घर' लिहिलं, आणि सोबत ती सगळी पानं जोडली, एल्डनने भिंगातून बघितलेली. सात आठवड्यांनी पत्र आलं. मंजूर. पैसे अंत्यसंस्कारवाल्याच्या बिलात गेले आणि थोडे आर्डिसला आपले घालावे लागले, एवढंच.

पत्र घेऊन ती माझ्या ऑफिसात आली. या वेळी तिने कोट काढला. आम्ही कॉफी घेतली आणि ती त्या सकाळचं सांगायला लागली. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी वेंडलच्या गाई सुटल्या," ती म्हणाली. "अकरा. सगळ्या माझ्या कोबीत. मी गाउनवर, पायात एल्डनचे रबरी बूट, हातात झाडू. एक हाकलली की दुसरी परत. मी इतकी ओरडले, इतक्या शिव्या दिल्या, मार्नी, की आमचा पाद्री तिथं असता तर वारला असता. मग मी चिखलात घसरून बसकण मारली. कोबीवरच. वळून बघितलं तर खिडकीत एल्डन. मान उचलवत नव्हती त्याला दोन दिवस. आणि तो हसत होता. आवाज येत नव्हता, काच होती, पण मला दिसत होतं. पोट धरून हसत होता. मी त्याला झाडू दाखवला. त्याने हात वर केला."

ती कॉफीचा घोट घ्यायला थांबली.

"मी बूट काढून, हात धुऊन आत गेले, तेवढ्यात तो गेला होता. चेहरा तसाच. मी कुणाला फोन केला नाही. तासभर त्याच्याजवळ बसले आणि त्याला सगळ्या गाईंची नावं सांगितली, वेंडलने ठेवलेली आणि मी ठेवलेली."

"आणि गाई?"

"परत आल्या की! सगळा कोबी खाल्ला. म्हटलं, खा."